टेबल गेलं

आमच्या तळेघरच्या बाजूला नोकरी लागत नाही, टेबल मिळतं. जुन्नरला विद्यापीठाच्या एका छोट्या उपकेंद्रात मी कारकून म्हणून लागले, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर एवढंच सांगितलं, "पोरीला टेबल मिळालं." ते बघायला यायचं मात्र राहून गेलं. भाताची कामं आणि एसटीची लहर, यातून सवड कुठली!

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी आमच्या साहेबांनी नवी पद्धत आणली. कुणाचंच टेबल ठरलेलं नाही. सकाळी यायचं, रिकामं दिसेल तिथं बसायचं. माझा कुलपाचा खण गेला. मी चांगली धुसफुसले. पण पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या परक्या कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं, आणि आदल्या दिवशी दुसऱ्या टोकाला अर्ध्या वाक्यात सोडलेलं परिपत्रक समोर हजर! अंगावर काटाच आला.

गावाकडच्या चुलतभावाशी फोनवर बोलताना मी थट्टेनं म्हणाले, "माझं टेबल गेलं रे." थट्टा तिथंच संपली असं मला वाटलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी दादा ऑफिसच्या दारात. पायांवर लाल माती, हातात भाताच्या लोंब्यांची जुडी, तोंड पार उतरलेलं.

"काय चुकलं तुझं? सायबाच्या पाया पडू का?"

मला आधी हसू आलं, मग रडू. नोकरी शाबूत आहे, हे काही केल्या पटेना त्यांना. शेवटी एका टेबलाशी बसून मी माझं काम उघडून दाखवलं. ते बंद केलं, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, तिथं तेच उघडलं. दादांनी वाकून टेबलाखाली पाहिलं.

"तुझं काम तुझ्या मागं मागं येतं?"

"हो, दादा."

"आयला! लई मोठं हाय की गं हे."

खंडेनवमीला आम्ही कोयता-विळ्याची पूजा करतो. मी विचारलं, "मग या लोंब्या कशाला?"

"ज्या टेबलानं खाऊ घातलं, त्याला येक डाव हात जोडू म्हनलं. कंचं व्हतं तुझं?"

"आता कुठलंच नाही. नाहीतर सगळीच."

दादांनी जुडी सोडली. एकेका टेबलावर एकेक लोंबी ठेवून हात जोडत ते पुढं सरकू लागले. बसलेले आपोआप उठले. कुणी हसलं नाही. साहेबांनी तर दाराशीच बूट काढले. रोज धूळ झटकून बसायच्या त्या खोलीत मी देवळात उभी राहावी तशी उभी होते.

सगळी टेबलं झाली तरी एक लोंबी उरली. दादांनी ती माझ्या वेणीत खोचली.

"टेबल जाऊ दे कुठंबी. बसनारी तू हाईस."