एक फूट म्हणजे हजार लिटर

रहीम सर गेल्याचं कळलं तेव्हा मी आमच्या हौदात काठी सोडून पाणी मोजत होतो. शेजारच्या दारातून त्यांचा मुलगा आरिफ आला. "काका, अब्बा गेले..." म्हणाला, आणि जरा थांबून, "टाकी रिकामी हाय. अब्बांच्या आंघोळीला पाणी लागंल." जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत नळ यायला अजून दोन दिवस होते. काठी वर काढली. पाच फुटांपर्यंत ओली. "लागेल तेवढं ने," मी म्हणालो. इतकं छातीठोक सांगता आलं ते सरांमुळेच.

सर शाळेत भूमिती शिकवायचे. हौद बांधायचा ठरला तेव्हा सात गुणिले सात गुणिले सात, तीनशे त्रेचाळीस घनफूट असा हिशेब मांडून मी ऐटीत त्यांना दाखवायला गेलो. "भाऊ, हा तर खड्ड्याचा हिशेब झाला. पाणी काय भिंतीत राह्यलं का?" चारी बाजूंनी अर्धा फूट भिंत, खाली अर्धा फूट तळ, वर अर्धा फूट मोकळा... उरले दोनशे सोळा. एक तृतीयांशाहून जास्त पाणी कागदावरच आटलं. गवंडी म्हणाला, गोल बांधू, मजबूत होतो. "गोल केला तर चारी कोपरे मातीला दिले. चौकोनीच ठेवा, अन् दोन फूट अजून खोल जा," सरांनी सांगितलं. आमच्या हिने विचारलं, "सर, एवढ्या खोल घासायला उतरणार कोण?" "भाऊ उतरतील की! सातचा हिशेब त्यांनीच केल्ता."

काठीही सरांचीच. तळ छत्तीस चौरस फूट, एका घनफुटात अठ्ठावीस लिटरच्या वर पाणी. म्हणजे फुटाला हजार, वर थोडं. दर फुटावर त्यांनी तांबडी रेघ मारून दिली. नळ येऊन गेला की मी भिंतीवरून ओरडायचो, "सर, साडेसात!" तिकडून लगेच, "साडेसात हजार. बराबर!"

त्या दिवशी सरांच्या शेवटच्या आंघोळीला, आल्यागेल्यांच्या हातपाय धुण्याला, प्यायला, सगळं पाणी याच हौदातून गेलं. संध्याकाळी काठी चार फुटांवर ओली होती. नळ येईपर्यंत ते दोन्ही घरांना पुरलं. सरांचा हिशेब चुकला नव्हता.

परवा नळ येऊन गेला. काठी वर काढली आणि सवयीने ओरडलो, "सर, साडेसात!"

पलीकडून भाभींचा, आरिफच्या आईचा, आवाज आला, "साडेसात हजार. बराबर, भाईसाब."