वरच्या मजल्याची ऊब

त्राइलोचं घर तीन मजली. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह आणि आत माणसंही दोनच, तो आणि त्याची बायको स्तानिका. दोघं राहायची तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात, चुलीला चिकटून. वरचे मजले मुलासाठी, आणि मुलगा दालिबोर व्हिएन्नात. बडा घर पोकळ वासा, पण त्राइलोला हे सांगणार कोण? नेगोतिनच्या आसपास आम्हा सगळ्यांचीच घरं अशी, व्हिएन्नात राबून बांधलेली आणि रिकामी.

दालिबोर वर्षातून एकदा यायचा, डिसेंबरात, घराण्याच्या संताच्या सणाला. जेवायचा आणि झोपायला शहरातल्या हॉटेलात जायचा. "वर दात वाजतात, बाबा." हे वाक्य त्राइलोला वर्षभर सलायचं. एवढा महाल बांधला आणि पोरगा हॉटेलात! गावात काय तोंड दाखवायचं? यंदा तो घरात झोपलाच पाहिजे, म्हणून त्यानं बॉयलरवाली चूल आणली, जिचं तापलेलं पाणी पाइपांतून फिरून वरच्या खोल्या उबवतं, आणि स्वतःच पाइप टाकायला बसला.

शेजारचा झिका कुंपणावरून ओरडला, "अरे, चूल एवढीशी आणि मजले तीन? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"व्हिएन्नात जन्म गेला माझा पाइप टाकण्यात!"

"टाकण्यात? वाहण्यात म्हण! खांदा अजून वाकडाय तुझा."

त्राइलोनं हट्टानं प्रत्येक खोलीत रेडिएटर लावला. पाहुण्यांच्या दिवाणखान्यातही लावला, जिथे बसायची परवानगी खुद्द स्तानिकालाही नव्हती.

सणाच्या दिवशी पहाटे चूल पेटली. लाकडं ढिगानं जळाली, पण सगळी धग पाणी ओढून वर नेत होतं. स्वयंपाकघर गार पडलं. चुलीच्या भट्टीत सणाचा पाव ठेवलेला, तो फुगेना की तांबूस होईना.

"त्राइलो, तासभर वर पाणी नेणारा कॉक बंद कर. पाव कच्चा राहील."

"डोकं फिरलंय का तुझं? दालिबोर येतोय!" असं म्हणून त्यानं कॉकची मूठच काढून खिशात टाकली. बायकोवर विश्वास ठेवील तो त्राइलो कसला!

दालिबोर बायको आणि तान्ह्या बाळाला घेऊन आला. मग पाद्री आले. पावावर वाइन ओतली, सगळ्यांनी मिळून तो फिरवला आणि मोडला. आतून पीठ पाद्रीबाबांच्या बोटांना चिकटलं. "संताला चालेल," ते म्हणाले आणि रुमाल शोधू लागले. स्तानिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण झाल्यावर त्राइलो दालिबोरला मोठ्या तोऱ्यात वर घेऊन गेला. दालिबोरनं रेडिएटरवर हात ठेवला. तो जेमतेम कोमट होता. दालिबोर खाली आला, तर त्याची बायको कडेवरच्या बाळाला कोट घालत होती.

"हॉटेलात सांगून ठेवलंयस ना?" त्राइलोनं कडवटपणे विचारलं.

"नाही बाबा. यंदा इथेच राहायचं ठरवलं होतं. स्वयंपाकघरात, चुलीपाशी. मी लहानपणी झोपायचो ना, तिथे." त्यानं हातावर फुंकर मारली. "पण आता इथेही गारठा. बाळाला सोसायचा नाही."

गाडी फाटकातल्या सिंहांमधून निघून गेली. त्राइलोनं खिशातून कॉकची मूठ काढून बायकोपुढे धरली. तिनं कॉक फिरवून बंद केला आणि तो अर्धा-कच्चा पाव पुन्हा आत सरकवला. तासाभरात स्वयंपाकघर इतकं तापलं की त्राइलोला स्वेटर काढावा लागला. पाव सुरेख भाजला. खायला दोघंच होती.