पुलावर उभी राहिलेली चांगुणाबाई

जालन्यात राधाकिसनभाऊंच्या स्टुडिओत संध्या नऊ वर्षं पासपोर्ट फोटो काढत होती. संध्याकाळी दुकान बंद झालं, की आपला कॅमेरा नि ट्रायपॉड घेऊन ती जुन्या वेशी, बाजारातल्या कमानी, नाहीतर कुंडलिका नदीवरचे पूल गाठायची. दिवसा वायरींनी आणि पाट्यांनी झाकलेलं गाव तिला दिव्यांच्या उजेडातच नीट दिसायचं. बाईमाणसानं अंधारात पुलावर काय उभं राहायचं, असं येणारेजाणारे म्हणत. ती कॅमेऱ्यावरून डोळा काढायची नाही.

एके वर्षी एका मंडळानं शहराच्या कॅलेंडरसाठी फोटो मागवले. संध्यानं आईला, चांगुणाबाईला, कुंडलिकेवरच्या एका पुलावर नेलं. संध्या पोटात असताना चांगुणाबाईनं याच पुलाच्या कामावर काँक्रीटची घमेली वाहिली होती. उद्घाटनाच्या दगडावर मात्र पुढाऱ्यांची नावं. कॅमेरा अर्धा मिनिट उघडा राहणार, हलायचं नाही, असं सांगून संध्यानं तिला कठड्याशी उभं केलं. फोटोत गाड्यांच्या नुसत्या लाल-पिवळ्या रेघा उमटल्या आणि मधोमध म्हातारी, लुगड्याच्या काठासकट स्पष्ट.

मंडळाला फोटो पसंत पडला. फक्त म्हातारी नको, पूल मोकळा दिसू द्या, असा निरोप आला. राधाकिसनभाऊंना ती मामुली गोष्ट वाटली. कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम.

“तिला काढायचं असंल तर पूल बी काढा, भाऊ,” संध्या म्हणाली. “तिच्याबिगर त्यो झालाच न्हाई.”

मंडळवाले आपले कायमचे गिऱ्हाईक आहेत, जरा विचार कर, असं भाऊंनी समजावलं.

“केला. मी चालले काम सोडून.”

तिनं खणातून आपली लेन्स उचलली आणि पायऱ्या उतरली.

घरी चांगुणाबाई आधी रागावली. एका फोटोपायी चांगलं काम सोडतं का कुणी? मग चष्मा लावून बराच वेळ फोटो बघत बसली. शेवटी म्हणाली, “दैवशालाचा बी काढ. पुलाच्या कामावर वरच्या फळीवर तीच चढायची, मी न्हाई.”

संध्यानं त्या कामावरच्या बायका हुडकल्या. अकरा जणींतल्या चार वारल्या होत्या. सात जणी एकेक करून पुलावर येऊन उभ्या राहिल्या. ते फोटो वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर लागले, खाली ठळक नावांसकट. लोक भोकरदनहून बघायला आले. मंडळानंही पुन्हा एक फोटो मागितला. फोटोतल्या बाईचं नाव छापणार असाल तरच देईन, असं संध्यानं कळवलं. त्यावर उत्तर आलं नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही.

तोवर अंबडच्या रस्त्यावर एका नव्या पुलाचं काम चालू झालं होतं. रात्रपाळीत मोठाल्या दिव्यांखाली स्लॅबचं काँक्रीट ओतलं जात होतं. संध्यानं ट्रायपॉड लावताच मुकादम धावत आला. इथं फोटोला परवानगी नाही म्हणाला.

“सडक सरकारची हाये. मी सडकेवर उभी हाये.”

तो फोन लावायला बाजूला झाला. संध्यानं मान वर करून फळीवरच्या बाईला नाव विचारलं. तिनं घमेलं खाली ठेवलं, कपाळावरचा घाम पुसला आणि मुकादमाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, “मनीषा.”