पोरगा नेमकं काय करतो

वाळूजच्या कामगारांना शिफ्टची बस कुठवर आली ते मोबाईलवर दिसावं, यासाठी आम्ही मित्रांनी ॲप काढलं. हे वाक्य आज सरळ लिहितोय, पण कंपनी सुरू झाल्यापासून दोन वर्षं ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. साधं सांगितलं की काम फार लहान वाटायचं, आणि एवढ्यासाठी चांगली नोकरी सोडली का, असं कुणी विचारेल याची मला धास्ती होती. म्हणून मी त्यावर इंग्रजी शब्दांची झूल चढवायचो. पैसे गुंतवणारे लोक ऐकताना मान डोलवत आणि नंतर फोन उचलत नसत.

गेल्या हिवाळ्यात सोयरिकीच्या बैठकीसाठी कन्नडला गेलो. मुलगी मला मनापासून आवडली होती. पोहे झाले, उसाच्या गप्पा झाल्या, मग मुलीच्या मामांनी पोरगा काय करतो ते विचारलं. आमच्याकडं हा प्रश्न मुलाला नाही, त्याच्या बापाला विचारतात. अण्णांनी माझं ऐकून ऐकून पाठ केलेलं सांगितलं, "मोबिलिटीचं सोल्युशन देतो."

"म्हंजी नेमकं काय करतो?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी सुरू झालो. प्लॅटफॉर्म, डेटा, इकोसिस्टिम, काही म्हणून सोडलं नाही. समोर मुलीचा भाऊ बसला होता. तो वाळूजला कामाला. बस चुकली की खाडा पडतो, हे त्यानं मघाशीच सांगितलं होतं. ज्याच्यासाठी ॲप काढलं तो माणूस हातभर अंतरावर, आणि मी त्याला 'युजर जर्नी' समजावत होतो. तो बशीतले शेंगदाणे वेचायला लागला.

तेवढ्यात अण्णांनी मला थांबवलं. "माझा शब्द धरा," ते मामांना म्हणाले, "पोरगं वंगाळ काम करणारं नाय." मला त्यांचा रागच आला. मामा म्हणाले, विचार करून कळवतो. त्यांनी काही कळवलं नाही.

परतताना मी गाडी चालवत होतो आणि खेड्यातल्या लोकांना नवं काही कळत नाही म्हणून कुरकुरत होतो. अण्णांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, आता मला तरी खरं सांग. त्यांच्यापुढं इंग्रजी झाडायचा धीर होईना. शिफ्टची बस कुठवर आली ते मोबाईलवर कळतं, एवढं मी सांगितलं.

"असं व्हय," अण्णा म्हणाले आणि सीटवर सैल होऊन बसले. "लई बरं झालं बाबा. मला वाटायचं, पैसे दुप्पट करून देणाऱ्यांच्या नादी लागलास. ते बी असंच बोलतेत."

म्हणजे दोन वर्षं हे ओझं त्यांनी एकट्यानं वाहिलं होतं. पोरगा लोकांना फसवतोय अशी शंका मनात असताना, भरल्या बैठकीत त्यांनी माझ्यासाठी स्वतःचा शब्द दिला होता. लाजेनं मला त्यांच्याकडं बघवेना.