लॅबवाली उषाबाई

आमच्या गल्लीत सगळे तिला लॅबवाली उषाबाई म्हणतात. माझी धाकटी जाऊ ती. दिसायला गरीब गाय, पण नशीब बघा तिचं! जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात आम्ही दोघी रोजंदारीवर होतो. बियाण्याला औषधाचा लाल रंग चोळायचा. रंग चढला की माल पास, फिका पडला की मुकादम कावला. सगळे म्हणायचे, उषाचा हात लई साफ. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, कामाला तिला मीच लावलं!

चौऱ्याण्णव साली लॅबच्या मॅडमना कायमची मदतनीस पाहिजे होती. त्या म्हणल्या, "पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, लवकर कुजवणारी बुरशी मी शोधतेय. जी बाई आणून देईल, तिला घेईन."

मी शिळ्या भाकरीवरची हिरवीगार, मऊ बुरशी नेली. उषानं नेला सडका, काळा काडीकचरा. मी नाकाला पदर लावला.

काही दिवसांनी मॅडमनी बोलावलं. काचेच्या दोन बशांत आमच्या बुरश्या वाढल्या होत्या. कपाशीच्या काडीत जे असतं, तेच त्या बशांत थापलेलं. मॅडमनी वरून लाल रंग ओतला, मंग मिठाच्या पाण्यानं धुतला. माझी बशी लालभडक! उषाच्या बशीत बुरशीभोवती रंग उडून फिकं कडं पडलेलं.

"तुझ्या मालानं रंगच धरला न्हाई गं!" मी म्हणले, अन् टपरीवरून बर्फी आणून बायांना वाटली बी.

परत आले तर मॅडम उषाची पाठ थोपटून राह्यल्या! म्हणल्या, "रंग उडाला तेवढं बुरशीनं खाल्लंय. हीच हवी होती."

आता माझ्या तोंडाचा रंग उडाला.

"आणली कुठून, उषाबाई?" मॅडमनी विचारलं.

"आक्काच्या वावरातून," उषा माझ्याकडं बघून म्हणली. "आमच्या पऱ्हाट्या चुलीत गेल्या. यांच्या बांधावर ढीग सडून राह्यलाय. मॅडम, आक्कालाच घ्या. बुरशी त्यांचीच हाये."

"पण हात कुणी घातला त्यात?" मॅडम म्हणल्या. "उद्यापासून तुम्ही या."

घरी येताना टेम्पोत ती माझ्याजवळच बसली. मी तोंड फिरवलं. मेली खोटं तरी बोलायची! मंग मला पोटभर जळता तरी आलं असतं.