चार्ज न होणारे लॅपटॉप आणि सबनीस काका

माझ्या डोक्याचं घरातल्या वायरींच्या ड्रॉवरसारखं झालंय. एक किस्सा ओढावा, तर त्याला अडकून चार बाहेर येतात. दोष सबनीस काकांचा. काका रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावच्या मराठी मंडळातर्फे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लायब्ररीत टेबल मांडून बसतात आणि लोकांचे बिघडलेले लॅपटॉप फुकट बघतात. मी टॉर्च धरतो. गणपतीत आरती सुरू झाली की काका पार्किंग बघायला बाहेर जातात, इतके नास्तिक!

बहुतेकांची तक्रार एकच, "चार्ज होत नाही." काकांचा नियमही एकच, "आधी फुकटातले उपाय. मग दुसरा चार्जर. मदरबोर्डचं नाव सगळ्यात शेवटी!"

* * *

पुण्याचा अमित आला तो नवी बॅटरी आणि नवा चार्जर घेऊनच. टेबलावर लॅपटॉप मस्त चार्ज झाला. घरी नेला की बंद! शेवटी काका त्याच्या अपार्टमेंटमध्ये गेले. प्लग ज्या सॉकेटमध्ये होता, त्याचं बटण दाराजवळ, दिव्याच्या बटणासारखं होतं. अमित खोलीतून निघताना ते न चुकता बंद करत होता, लहानपणापासून करतो तसं.

"चार्जर चांगला आहे," काका म्हणाले, "संस्कार आड येतायत."

* * *

जोशी मावशी निवृत्त डॉक्टर. भलामोठा लॅपटॉप त्या फोनच्या इवल्याशा चार्जरवर लावत होत्या.

"डॉक्टर, पेशंटला चमच्याने सलाइन दिलं असतंत का?"

"पेशंट कसा आहे, त्यावर!"

काकांनी स्वतःच्या बॅगेतला मोठा चार्जर लावून बघितला. लॅपटॉप लगेच चार्ज व्हायला लागला.

* * *

एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. लॅपटॉप ऐंशी टक्क्यांवर थांबतो म्हणे. बॅटरी टिकावी म्हणून मुलानेच तसं सेटिंग केलं होतं. काका म्हणाले, "बरोबर केलंय. राहू दे."

"काका, ऐंशीवर समाधान आमच्या घराण्यात नाही हो!"

मुलगा फोनमधून मान वर न करता म्हणाला, "ट्रू."

* * *

आणि मग निखिल. नागपूरचा. नोकरी गेलेली, व्हिसाचे अठरा दिवस उरलेले, सोमवारी शेवटचा इंटरव्ह्यू. त्याची सगळी तयारी त्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप मेलेला. दुकानवाल्याने सांगितलं, "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." बरोबर त्याची आई होती, मुलाला भेटायला आलेली. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

काकांनी लॅपटॉप बंद असल्याची खात्री केली, चार्जिंगच्या भोकात डोकावून पाहिलं आणि लाकडी टूथपिकने हळूच काहीतरी बाहेर काढलं. तांदळाचा तुकडा. कुंकू लागलेला.

"हा कुठून आला?"

"मी रोज सकाळी त्याच्यावर अक्षता टाकून राहिली ना, भाऊ," आई म्हणाली. "त्याच्या कामाचं यंत्र आहे ते."

"आई, यार!" निखिलने डोक्याला हात लावला.

चार्जर लावला. दिवा लागला. काका कडक आवाजात म्हणाले, "वहिनी, यापुढे पूजा झाकण बंद करून, आणि लांबून."

* * *

निखिलला नोकरी लागली. पुढच्या पहिल्या शनिवारी आई संत्रा बर्फीचा डबा घेऊन हजर. मंडळात ही गोष्ट एव्हाना सगळ्यांना पाठ झाली होती. अमितने तर काकांना "अक्षता काढल्या म्हणून नोकरी लागली" असं बोलूनही दाखवलं होतं.

"काढली म्हणून नाही," आई म्हणाली, "आत होती म्हणून! भाऊ, ती अक्षत फेकली काय?"

काका काढलेली प्रत्येक वस्तू स्क्रूच्या डब्यात जपून ठेवतात. मी डबा पुढे ओढला.

"तिथे नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं.