बर्फाखालची कॉफी

आमच्या तोफखाना रेजिमेंटला उत्तर सीमेवर पाठवलं तेव्हा मी हवलदार होतो. माझं नाव ओ.पी. पार्टीत आलं. ओ.पी. म्हणजे ऑब्झर्व्हेशन पोस्ट. तोफा खाली दरीत असतात, त्यांना शत्रू दिसत नाही. म्हणून तीन-चार माणसं उंचावर जाऊन बसतात, दुर्बिणीतून बघतात आणि वायरलेस सेटवरून गोळा कुठं पडला ते सांगतात. आमच्या पोस्टचं नाव सांगत नाही. तिथं आजही माणसं आहेत.

मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो फौजेत. लहानपणी मुकुटबनला मामाकडे जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगात आम्ही गळ्यापर्यंत घुसायचो. आत गेलं की बाहेरचे आवाज बंद व्हायचे, कानात फक्त स्वतःचा श्वास. त्या पोस्टवर तसंच होतं, फरक इतकाच की ढिगातून बाहेर येता यायचं नाही. वारा पडला की शांतता इतकी व्हायची की माणसाला आपलं नाव ऐकू यायचं. हे मी एकट्याचं सांगत नाही. तिथं राहिलेला प्रत्येक जण सांगेल. डॉक्टर म्हणायचे, ऑक्सिजन कमी आहे, मेंदू खेळ करतो. हाकेला उत्तर द्यायचं नाही, असा आमच्यात नियमच होता. लेखी नव्हता, पण सगळे पाळायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे, तिथं वास नसतो. माती नाही, झाड नाही, ओलावा गोठलेला. केरोसीनचा तेवढा वास यायचा, थोड्या दिवसांनी तोही कळेनासा व्हायचा. नाक मेल्यासारखं होतं. त्यामुळे सकाळचा रेडिओ चेक झाल्यावर नाईक सोमय्या कॉफी करायचा, तो आमच्या दिवसातला एकमेव वास होता.

सोमय्या कर्नाटकातल्या कोडगूचा. घरची थोडी कॉफीची बाग. बोलायला कमी, कामाला पक्का. त्यानं घरून पितळेचा फिल्टर आणला होता, दोन मजली, खालच्या भांड्यात अर्क उतरतो तो. त्या उंचीवर पाणी पुरेसं तापायच्या आधीच उकळायला लागतं, त्यामुळे कॉफी कच्ची राहते. सोमय्यानं त्यावर तोड काढली होती. आधी रिकामा फिल्टर स्टोव्हवर गरम करायचा. पावडर बारीक घ्यायची, हलक्या हातानं दाबायची. पाणी ओतलं की आख्खा फिल्टर लोकरीच्या मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये ठेवून द्यायचा आणि वाट बघायची. घाई केलेली त्याला चालायची नाही. आमच्याबरोबर पोस्टवर असलेल्या कॅप्टन साहेबांनाही तो थांबवायचा.

पावडर मात्र कॅन्टीनची, चिकोरीच्या मुळांची भुकटी मिसळलेली. काळी, कडू, जिभेवर चिकटणारी. ती पिताना सोमय्या दर वेळी म्हणायचा, ये कॉफी नहीं है, कॉफी का फोटो है.

आमचा चौथा माणूस होता गनर जितेंद्र, रेडिओ ऑपरेटर. बिहारचा. नवीन आलेला, चहावाला. कॉफी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सोमय्याच्या हातची प्यायली.

त्या हिवाळ्यात माझ्या दाढेला सूज आली. मला खालच्या कॅम्पवर पाठवलं. साहेबांना पायदळाच्या बटालियनमध्ये मीटिंग होती, तेही माझ्याबरोबर उतरले. पोस्टवर सोमय्या आणि जितेंद्र दोघंच राहिले. बाजूच्या कड्यावर पायदळाची तुकडी होती, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

कॅम्पवर डाक आलेली होती. त्यात सोमय्याच्या आईचं पार्सल होतं. आत एक पत्र्याचा डबा, झाकण मेणानं बंद केलेलं, वरून कापड शिवलेलं. मी सेटवर कळवलं. जितेंद्रनं त्याला माइक दिला.

"पार्सल मिला? ओवर."

"मिला. ओवर."

"खोलना मत, उस्ताद. अम्मा ने घर की भेजी है. ऊपर लाओ, मैं बनाऊँगा. ओवर."

माझ्याशी झालेलं त्याचं हे शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी दाढ काढून मी साहेबांबरोबर परत निघालो. डबा माझ्या पिठ्ठूत, पाठीवरच्या पिशवीत होता. सकाळ स्वच्छ होती, ऊन डोळ्यांत खुपत होतं. आम्ही अर्ध्या वाटेत असताना वरून आवाज आला. गडगडाट नव्हे. कोणीतरी लांब, जड पडदा ओढावा तसा. मग शांतता. मान वर केली तर आमच्या पोस्टचा उतार बदललेला होता. काल जिथं काळा खडक होता तिथं गुळगुळीत पांढरं.

साहेबांनी सेट घेतला. चार्ली फॉर अल्फा, ओवर. काही नाही. पुन्हा. काही नाही.

पायदळाचे जवान आमच्या आधी पोचले होते. त्यांचे सुभेदार साहेब पहाडी माणूस, असे प्रसंग पाहिलेले. त्यांनी माणसं एका ओळीत उभी केली आणि लांब सळया बर्फात खुपसत पुढं सरकायला सांगितलं. पण खूण म्हणून काहीच उरलं नव्हतं. बंकर कुठं, अँटेना कुठं, मला कळेना. महिनोन्महिने राहिलेलं घर मला ओळखता येत नव्हतं. सळई आत जाण्याचा कुरकुर आवाज तेवढा येत होता.

आणि मला कॉफीचा वास आला.

मी थांबलो. वास ताजा होता, गरम पाणी नुकतं ओतल्यावर येतो तसा. बाजूचा जवानही थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सुभेदार साहेब आले. त्यांनी नाक वर करून हवा हुंगली आणि विचारलं, "हवलदार, तेरे पिठ्ठू में क्या है?"

मी सांगितलं, कॉफीचा डबा आहे. त्यांनी पिठ्ठू काढायला लावला. एक जवान तो घेऊन उतारावरून खूप खाली गेला आणि कमरेला बांधलेला दोर जिथवर पुरला तिथं ठेवून आला. आम्ही उभे राहिलो. वास कमी झाला नाही. वारा नव्हता. तो पायाखालून येत होता.

सुभेदार साहेबांनी बूट आपटून जागा दाखवली. "यहीं खोदो."

आम्ही फावड्यांनी खोदलं, मग हातांनी. जसजसं खाली जावं तसा वास दाट होत गेला. मला तेव्हा आनंद झाला असं कोणाला वाटेल. खरं सांगतो, मला भीती वाटली. खोदणाऱ्यांपैकी कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

फावडं फायबरच्या पत्र्याला लागलं. बंकरचा एक कोपरा तिरका होऊन टिकला होता, आत एक माणूस मावेल एवढी पोकळी. त्यात जितेंद्र गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. डोळे उघडे होते. श्वास चालू होता. आम्ही पत्रा उचलला त्या क्षणी वास गेला. कमी कमी होत नाही गेला. बंद झाला.

स्टोव्ह चिरडलेला होता आणि बर्फासारखा गार. फिल्टर चेपलेला, कोरडा. कॅन्टीनच्या कॉफीचा डबा बंद होता.

मी विचारलं, सोमय्या कुठंय? जितेंद्रचे ओठ हलत नव्हते. स्ट्रेचरवर बांधताना तो बोलला.

"दादा यहीं हैं. कॉफी पिला रहे थे. सोने नहीं दे रहे थे."

आम्ही ती पोकळी पुन्हा तपासली. आत दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

सोमय्या संध्याकाळच्या आत सापडला, पण तिथं नाही. तो उतारावर फार खाली होता. बर्फ झाडायला तो अँटेनापाशी गेला होता आणि लोंढ्यानं त्याला पहिल्या झटक्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मान मोडली, लगेच गेला. बंकर गाडला गेला त्याच वेळी, कदाचित थोडा आधीच. जितेंद्रच्या बोलण्याबद्दल मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सेटवर घरच्या कॉफीचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, मेंदूनं तेच धरलं. आणि आपल्याला वास आला त्याचं काय, असं मी विचारलं नाही. सुभेदार साहेबांनीही विचारलं नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की शोधपथकाने अंदाजाने खोदले.

जितेंद्रच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं.

सोमय्याला घेऊन त्याच्या गावी मी गेलो. घराच्या अंगणात कॉफीची लाल फळं वाळत टाकली होती. कोणाला ती उचलायचं भान नव्हतं. माणसं त्यांच्या कडेकडेनं चालत होती. मी तो डबा आईच्या हातात दिला. मेण तसंच होतं. तिनं कापडावरची शिवण बोटानं चाचपली आणि डबा घेऊन आत गेली.

पुढं मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि लोहाऱ्याला परत आलो. इथल्या एमआयडीसीत एका कंपनीत सिक्युरिटीचं काम धरलं. आमच्याकडे चहाचं राज्य. पाहुण्याला कॉफी विचारली तर तो विचारतो, तब्येत बरी नाही काय? पण माझ्या सकाळी काहीतरी कमी होतं, म्हणून मी घरी कॉफी करायला लागलो.

सुरुवात दुकानातल्या बरणीपासून केली. झटपट विरघळणारी, वासाला शून्य. मग पाकिटं मागवली. हळूहळू कळत गेलं. पाकिटावर पॅकिंगची नव्हे, बिया भाजल्याची तारीख बघायची. दळलेली न घेता आख्ख्या बिया घ्यायच्या आणि लागतील तेवढ्याच दळायच्या, कारण दळल्यावर वास टिकत नाही. मिक्सरमध्ये पावडर तापते, म्हणून हाताची चक्की घेतली. डबा मसाल्यांच्या फडताळात ठेवायचा नाही. एकदा ठेवला तर कॉफीला हिंगाचा वास लागला. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात कॉफीची चव उतरत नाही, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचं वापरावं लागतं. चिकोरी नाहीच. बायको, सुनंदा, पहिल्यांदा म्हणाली, हे कडू औषध तुमीच प्या. आता तिचा कप आधी भरावा लागतो.

तरी सोमय्याच्या घरची कॉफी मला माहीत नव्हती. डबा मी परत दिला होता, चव घेतली नव्हती.

मागच्या हिवाळ्यात जितेंद्रचा फोन आला. पुतण्याच्या लग्नासाठी नागपूरला येतोय, तुम्हाला भेटून जाईन. मी सोमय्याच्या घरी फोन केला. आईला हिंदी येत नाही, सोमय्याची बहीण मधे बोलते. मी विचारलं, घरची थोडी कॉफी मिळेल का? आठवड्यात पार्सल आलं. आख्ख्या बिया, घरच्या कढईत भाजलेल्या. मी पाकीट न फोडता कपाटात ठेवलं.

ठरल्या दिवशी मी जितेंद्रला घ्यायला यवतमाळच्या बस स्टँडवर गेलो. दुपारी त्याला घेऊन घरी पोचलो तर सुनंदा दारातच उभी होती. चेहरा उतरलेला.

"तुमी गॅसवर काही ठेवून गेलते काय?"

"नाही. काहून?"

"कॉफीचा वास येऊन राह्यलाय. मी तीनदा पाह्यलं. गॅस बंद हाये."

मी आत जाऊन कपाट उघडलं. पाकीट बंद होतं. वळून पाहिलं तर जितेंद्र उंबऱ्याबाहेरच थांबला होता, जोडे न काढता. त्यालाही वास आला होता. त्याला काही विचारायची गरज नव्हती.

मी पाकीट फोडलं. बिया दळल्या. फिल्टर गरम केला, पावडर घातली, पाणी ओतलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून राहिलो. अर्क थेंबाथेंबानं उतरत होता. दूध थोडंच घातलं, साखर त्याहून कमी. जितेंद्रनं उरलेल्या बोटांनी कप धरला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"यही थी, उस्ताद."

मी म्हणालो, ही तू कधी प्यायला नाहीस. पोस्टवर कॅन्टीनची होती.

"उस दिन यही थी. मैंने पूछा भी, दादा, आज अलग है. बोले, घर की है."

मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की घरची कॉफी माझ्या पिठ्ठूत होती, मेण लावलेली, आणि मी तिथं पोचलोही नव्हतो. तो ऐकत राहिला. त्याला नवल वाटलं नाही. त्यानं कप उचलून उरलेली कॉफी संपवली. सुनंदानं न विचारता त्याचा कप पुन्हा भरला. तेव्हा मीही माझा घोट घेतला. हलकी होती, आणि शेवटी संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी जिभेवर राहत होतं.

जितेंद्र म्हणाला, अम्माला सांगायला पाहिजे. इतकी वर्षं हिंमत झाली नाही. लोक वेडा म्हणतील, आणि आईला काय वाटेल.

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. जितेंद्रनं सगळं सांगितलं. अंधार, बर्फाचा दाब, झोप, सोमय्याचं हलवून जागं करणं, कप. बहीण वाक्यावाक्याला थांबून आईला सांगत होती. मधे तिचाच आवाज तुटला. मला वाटलं लाइन गेली.

नंतर आईचा आवाज आला. एकच वाक्य, तिच्या भाषेत. बहिणीनं ते हिंदीत सांगितलं.

"अम्मा पूछ रही हैं, उसके हाथ गरम थे?"

जितेंद्रनं मान खाली घातली.

"गरम थे, अम्मा."

पलीकडून आईनं काही म्हटलं. बहिणीनं ते आम्हाला सांगितलं नाही. फोन बंद झाला.

जितेंद्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेला. त्यानंतर आमच्या घरात तसा वास पुन्हा आला नाही. मी कॉफी करतो तेव्हाच येतो, करत नाही तेव्हा येत नाही. सुनंदा म्हणते, बरं झालं. मला तसं नक्की सांगता येत नाही.

मला शाळांमध्ये बोलवतात. मुलं गोळीबाराबद्दल विचारतात, ते मी सांगतो. शेवटी ज्याचं नाव मी नेहमी घेतो, तो गोळीनं गेला नाही. नाईक सोमय्या, तोफखाना. राहणार कोडगू. त्या बर्फात सेटचा आवाज पोचावा म्हणून अँटेना साफ करायला बाहेर गेला आणि परत आला नाही. आम्हाला तो सापडला तेव्हा मी त्याचे हात माझ्या हातात घेतले होते. ते दगडासारखे गार होते. हे मी त्याच्या आईला सांगितलेलं नाही. जितेंद्रनं सांगितलं तेच खरं आहे.